गोडं पाणी

साकोलीवरून शेवटच्या यष्टीनं आले,
डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून.
तरी फाट्यावर चंपतकाकानं गाठलंच.
"काहून वो पोरी, समुद्र चावते काय?"

चावतो म्हणावं तर दात नव्हते.
तिसरा किलोमीटर होता,
पिवळा बोया उजव्या हाताला ठेवून वळायचं होतं,
आणि खांद्यापासून खाली कुणीतरी
खाजकुयलीच्या शेंगांची माळ ओढत नेली,
सावकाश,
नेऊन झाल्यावर पेटवली.
ओरडले तर तोंडात खारं.
ते गिळलं. हात मारला. परत मारला.
आमच्या तलावात मी कधी हात मोजले नव्हते,
तिथे मोजले. दोनशे अकरा.

होडीतला माणूस, त्याचं नाव विचारायचं राहिलं,
वाकून म्हणाला, "झार लागली गो तुका.
चोळू नको. आणि गोडा पानी घालू नको."

किनाऱ्यावर पिशवीत माझी बाटली होती,
घरून भरून नेलेली,
पाळीखालच्या विहिरीची.
झाकण उघडूनही झालं होतं.

आमच्याकडे सगळ्यावर गोडं पाणीच.
भाजलं, पाणी. घेरी आली, पाणी.
मोहाची जास्त झालेल्या माणसाच्या तोंडावर
दोन तांबे, मारून.
आणि इथे म्हणे ते लागलं
की कातडीवर दडून बसलेले तिचे बारके काटे
जागे होतात आणि नव्याने डसतात.
म्हणजे मी जे पिऊन वाढले
तेच नेमकं.

समुद्राच्याच पाण्यानं धुतलं.
एका बाईनं चिमट्यानं एकेक धागा उचलला,
धानातलं गवत निंदावं तसा, मुळासकट.
मग चहावाल्याकडची बादली,
कढत, पण सोसेल इतकी,
त्यात अर्धा तास हात घालून मी बसून होते
आणि शेजारी कुणाचं तरी पोरगं
पदकाची फीत चघळत होतं.

जैवंताआत्यानं बाही वर सारली.
ओसरीच्या बल्बखाली हात धरून बघत राहिली
लालकाळ्या रेघा, काही तुटक, काही गाठी मारलेल्या.
"हे कोनाचं लिवनं वो?"
मग स्वतःचा अंगठा पुढे केला.
शिंगुराच्या काट्याची भोकं, जुनी, तीन.
चाळीस वर्षं पेलनी घेऊन चिखलात उतरते ती.
"अंधनाचं पानी घेतलं काय? सोसन तेवढं?"
घेतलं, म्हणाले.
समुद्र तिनं कॅलेंडरवरसुद्धा नीट पाहिलेला नाही.

"डोये असतेत काय तिले?"
नाही म्हणतात, आत्या.
"डोस्कं?"
नाही.
"मंग कायीज तं असनच."
तेही नाही.
आत्या बराच वेळ गप्प.
शिंगुराला ती रीतसर शिव्या देते,
त्याच्या मायपासून सुरू करून
सात पिढ्या वर जाते,
तोवर इकडे मसाला वाटून होतो.
"मंग इले शिव्या देवाव तं कोनाले?"

कितवी आले ते कुणी विचारलं नाही.
एकशे सदतिसावी.

दहा दिवस मी तलावाकडे गेले नाही.
अकराव्या दिवशी पाळीवर उभी राहिले,
पाणी तेच, हिरवट, एक पाणकोंबडी, शेवाळाचा वास.
आधी बोट बुडवलं. मग कोपर.
काही नाही.
मग एकदम सगळीच आत,
आणि दहा हात गेले असेन नसेन
तर कमळाचा देठ दंडाला घासून गेला
आणि मी अशी किंचाळले
की पलीकडे धुणाऱ्या बायकांचे दांडके थांबले.

डोंग्यात आत्या होती.
हसता हसता तिचा बांबू निसटला.
मग ती उभी राहिली, डोंगा डुगडुगला,
राईस मिलच्या पलीकडे,
जिकडे दिवस बुडतो आणि जिकडे मी गेले होते,
तिकडे तोंड करून तिनं
एक अस्सल, ठेवणीतली, घातली.

बराच वेळ काही परत आलं नाही.
मी पाठीवर उताणी होऊन
पाणी तोंडात घेतलं, थोडं.