फोलपटं

चोर्लूच्या चहाखान्यात संध्याकाळी कुणी फारसं बोलत नाही.
सगळे सूर्यफुलाच्या बिया फोडत असतात.
दातांची टकटक, टेबलावर ढीग,
टीव्हीवर आवाज बंद केलेला फुटबॉल.
मी ढिगाखाली वर्तमानपत्र सरकवते,
पुडी बांधते, पिशवीत टाकते.
शाबान काउंटरमागून ओरडतो,
"नेज्ला, शेळ्या पाळल्यास की काय?"

शेळ्या नाहीत.
रंगाईच्या कारखान्यामागे चार टाक्या आहेत आणि एक खोली,
तिथे मी रात्रपाळीला पाणी जोखते.
परवा निळं आलं, काल दीड वाजता काळं,
आज मरून; कुठल्याशा देशातल्या पोरांचे गणवेश.
गरम येतं पाणी, मिठानं जड,
कपड्याला जे नको होतं ते सगळं पोटात घेऊन.

तुरटी टाकली की गाळ बसतो.
जे विरघळलंय, ते बसत नाही.
ते पाण्याचंच होऊन जातं,
पाण्याच्याच नावानं वाहतं.

मला हे शिकवावं लागलं नाही.
सीमेपलीकडे, बल्गेरियात, आईचं नाव सरकारनं बदललं होतं:
कागदावर व्हियोलेता, शिक्क्यासकट.
सेव्दिये कुठे गेली म्हणून कुणी विचारलं नाही.
एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात आम्ही इकडे आलो,
एक शिलाई मशीन, दोन गाद्या, आणि मी,
गाडीच्या टपाला घट्ट धरून.

तर फोलपटं.
धुवायची, वाळवायची, आम्लात रात्रभर भिजवायची,
मग झाकण लावून भट्टीत, हवा न देता.
उरते काळी पूड, इतकी भेगाळलेली
की चमचाभरात फुटबॉलचं मैदान मावावं.
ती काचेच्या नळीत भरली,
वरून मरून पाणी सोडलं,
खालून थेंब थेंब
काहीच नसलेलं पाणी पडलं.

जेवदेत बेनं ग्लास दिव्यासमोर धरला.
फोटो काढला. हसले.
"पिऊन दाखवू का?" म्हणाले,
आणि लगेच खाली ठेवला.

माझ्या मनात मात्र कुठेतरी पाणी मुरत होतं.
त्यातलं थोडं मी कुपीत घेतलं,
नारिंगी द्रावण, आम्ल, दीडशे अंश, दोन तास.
या परीक्षेत नारिंगी राहिलं तर पाणी चांगलं.
हिरवं होणं म्हणजे घाण.
आमच्या खोलीत रंगांचे अर्थ असे उलटे आहेत.

कुपी हिरवी झाली.
येताना अकराशे होतं, जाताना चारशे वीस.
रंगाचे धिप्पाड रेणू भेगेत अडकले होते;
साबण, आम्लं, बारीकसारीक सगळं
हळूच अंग चोरून निसटलं होतं.

"रंग गेला ना?" जेवदेत बे म्हणाले,
"नदीकाठी आकडा कोण वाचतंय?"

नदीकाठी इद्रीसकाका बसतो.
त्याला वाचता येत नाही.
लहानपणी त्यानं एर्गेनेत हातानं मासे धरलेत,
आता पाणी तळहातावर घेऊन हुंगतो,
आणि हात विजारीला पुसतो, दोनदा.

मी वहीत शाईनं लिहिलं: चारशे वीस.
जेवदेत बे बराच वेळ पेनाकडे बघत राहिले.

आईचं नाव केव्हाच परत मिळालं. ओळखपत्रावर आहे, दारावर आहे.
तरी मागच्या शुक्रवारी बाजारात
कुणीतरी कुणालातरी हाक मारली, "व्हियोलेता!"
आणि कांदे निवडता निवडता
आईनं मान वळवली.

आज नळी दुप्पट लांब घेतली आहे.
पाण्याला सांगितलंय, सावकाश ये.
कुपी भट्टीत आहे, अजून एक तास चाळीस मिनिटं.
मी बिया फोडत बसले आहे,
फोलपटं कोटाच्या खिशात.