पान उलटताना

त्या नोव्हेंबरात मी रेडिओवर वाचलेलं वाक्य
एवढंच होतं:
मिठाचा तुटवडा नाही.

कोणी विचारलंही नव्हतं.
बिश्केकहून आलेला कागद, वर शिक्का,
खाली कुणा उपसचिवाची कोंबडीने पाय उमटवल्यासारखी सही.
तुर्दुबेकने बातमीपत्र टाइप केलं, वाळक्या रिबनवर, दोन पानांत,
कारण पहिल्याच्या तळाशी जागा संपली.
लोकरीच्या भावानंतर आणि घाटातल्या बर्फाच्या आधी
ही बातमी.
मी मीठमिरची लावली नाही. मुळात मला ती येत नाही,
म्हणून तर नोकरी मिळाली होती.

गावापासून बारा किलोमीटरवर मिठाची खाण आहे.
दम्याचे रोगी तिच्या पोटात रात्रभर झोपतात
आणि मेंढ्या तोंडाशी उभ्या राहून डोंगर चाटतात.
इतकं मीठ.

तरी आठ वाजता झामिराच्या दुकानापुढे चौदा माणसं.
साडेआठला रांग पोस्टाच्या पायऱ्यांना वळसा घालून
थेट बंद पडलेल्या सिनेमागृहापर्यंत.
"काय देतायत?" एवढंच विचारायचं
आणि उत्तर यायच्या आत पिशवी उघडायची.

असानकुल मास्तर, ज्यांनी आम्हाला शिकवलं
की ऐकीव गोष्टीची आधी शहानिशा करावी,
उशीचा अभ्रा घेऊन उभे होते.
मी म्हटलं, सर, तुम्हीसुद्धा?
म्हणाले, बँकेतल्या ठेवी सुरक्षित आहेत,
हेही तूच वाचलं होतंस, पोरी.
रागावले नव्हते. अभ्र्याचं तोंड नीट करत होते.

आई सगळ्यात पुढे. अकरा किलो.
अगं, मी घरी रोज बोलते, तेव्हा तू ऐकत नाहीस!
"घरी तू बोलतेस," आई म्हणाली,
"तिथे तू सांगतेस."

नऊला दुकानातल्या रेडिओवर पुन्हा तेच बातमीपत्र,
सकाळच्या फितीवरून.
मी फळीला टेकून लोकांना समजावत होते
आणि वरून माझाच आवाज आला,
माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, इस्त्री केलेला,
नाश्ता झालेल्या बाईचा.
सगळे गप्प झाले.
मीही.
ती म्हणाली,
मिठाचा तुटवडा

कागदाची सळसळ
एक श्वास



नाही.

त्या मधल्या जागेत अख्खा हिवाळा मावला असता.
आमची भाषाच अशी, नकार शेवटी येतो,
तोवर माणसं घरातून निघालेली असतात.

मला ठाऊक होतं, ते पान होतं.
अंगठ्याला थुंकी लावून मीच ते उलटलं होतं.
तरी मनात आलं,
ही थांबली.
हिला काहीतरी ठाऊक आहे.

डोक्याचा रुमाल सोडून मी रांगेत शिरले.
दोन किलो मिळालं.
माझ्या मागच्या बाईला मिळालं नाही,
ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, कडेवर मूल,
आणि मी रुमालाची गाठ आणखी घट्ट केली.

संध्याकाळी वाचलं:
तुटवडा तात्पुरता आहे.
तुर्दुबेकने या वेळी सगळं एका पानात बसवलं होतं.

आई गेली तेव्हा कोठीत सात किलो उरलं होतं,
त्याचा दगड झालेला.
चाळिसाव्याच्या जेवणाला ते फुटेना,
शेजारणीने स्वतःच्या घरचं आणलं.
मग मी ते ओढत नेऊन गाईपुढे टाकलं.
अजून चाटते ती.
मधेच थांबते, कान उभे करते,
काहीच ऐकू येत नाही,
पुन्हा चाटू लागते.