अंदाज चुकला

बुटांचा खोका, छत्तीस नंबर, काळे, मुलींचे.
आईच्या गाळ्यावरून नायराने मागून आणला,
म्हणजे आधी बूट बादलीत काढून ठेवले
आणि मग मागितला.

आत पुठ्ठ्याच्या दोन भिंती,
एकीला डावीकडे दार, दुसरीला उजवीकडे,
पलीकडच्या टोकाला नाण्याएवढं भोक.
अलीकडे ओल्या मातीच्या वाटीत बटाटा,
जांभळा, सुरकुतलेला,
एक डोळा जेमतेम फुटलेला.
(आयमारात नायरा म्हणजे डोळाच.
वर्गातली पोरं आठवडाभर तिला बटाटा म्हणत होती.)

दुसरा बटाटा खिडकीत, उघड्यावर.
बाई म्हणाल्या होत्या, तुलनेला एक हवाच.
वहीत तीन रकाने: अंदाज, निरीक्षण, निष्कर्ष.
अंदाजात तिने लिहिलं,
कोंब पहिल्या दारातून जाईल, मग दुसऱ्या,
मग भोकातून बाहेर येऊन मला बघेल.

मी म्हटलं, कुजेल.
मी पंधरा वर्षांचा होतो
आणि मला सगळं माहीत होतं.

एल आल्तोचं सप्टेंबरातलं ऊन
कातडी सोलतं, सावलीत मात्र बोटं आखडतात.
छपरांवरून रोपवेचे लाल पाळणे जायचे
आणि ही खोक्याला कान लावून.
झाकण काढायचं नाही, हा बाईंचा नियम.
पाणी घालायला काढलं तर डोळे मिटून,
हा तिचा स्वतःचा.

खिडकीतला हिरवा पडला.
कोंब आखूड, जाड, हट्टी.
आई म्हणाली, कडू झाला, हा आता खायचा नाही.
मग चिकटपट्टी दाताने तोडत,
"तुमच्या शाळेत याला प्रयोग म्हणतात.
आमच्या गावी याला जून महिना म्हणायचे.
रात्री बटाटे गारठ्यात पसरायचे,
सकाळी पायांनी तुडवायचे,
कुठला गोठला, कुठला नाही, बघायचं.
वही कुणाकडेच नव्हती."

पाचव्या आठवड्यात झाकण निघालं.
भोकाशी काहीच नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात, गुरुवारच्या बाजाराच्या घाईत,
मीच त्या भोकापुढे गमबुटांची थप्पी लावली होती
आणि विसरलो होतो.

कोंब होता. पांढरा, दोऱ्यासारखा.
पहिल्या दारातून नीट गेलेला,
आणि मग वळलेला,
जिथे कुणी दार केलंच नव्हतं तिकडे.
कोपऱ्यात किमतीच्या चिठ्ठीची पिन निघालेली,
सुई जाईल एवढा उजेड.
तिथे टेकलेली दोन पानं,
तांदळाएवढी,
हिरवी.

वाटलं, आता रडणार.
तिने पट्टी आणली.
वळणाला पट्टी लागेना, तेव्हा
त्याच काळ्या बुटाची नाडी काढून
कोंबाच्या अंगाअंगाने ठेवत गेली, श्वास धरून.
अठ्ठावीस सेंटिमीटर.

मी थप्पीचं सांगून टाकलं.
थांब, म्हणाली, हे निरीक्षणात हवं.
अजून आहे त्या वहीत, शिसपेन्सिलीने:
भावाने उजेड अडवला.
आणि शेजारच्या रकान्यात:
अंदाज चुकला. बटाटा बरोबर.

काळे बूट बिनखोक्याचे विकले गेले,
एक नाडी मातकट,
पाच बोलिव्हियानो कमी.
तो आकडा मात्र आईने कुठेच लिहिला नाही.