तीन मिनिटं झाली

एकोणीस वर्षं मी इंदूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
वायरीची टोकं भोकांत खोचली.
भुसावळ मिळालं, बोला. खंडवा मिळालं, बोला.
कानाला हेडफोन, पण ऐकायचं नाही, हा नियम.
कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा बाप गेला,
कोण कुणाला मध्यरात्री
न बोलता नुसतं धरून ठेवायचं तारेवर.
एक शब्द मी ड्युटीबाहेर नेला नाही.

आणि आता, गुरुवारच्या घरसभेची गटप्रमुख म्हणून,
पाटणीपुऱ्यात, माझ्याच बैठकीत,
दाराशी बावीस चपला असताना
मी म्हटलं, "हनोखभाऊंसाठी प्रार्थना करू या.
त्यांचा अबनेर पुन्हा प्यायला लागलाय."
सगळ्यांचे डोळे मिटलेले.
एलिशिबामावशीनं तेवढ्यात एक उघडला.

आमेन जोरात झालं.
पुढच्या गुरुवारी हनोख रणपिसे आले नाहीत.
त्याच्या पुढच्याही.
मी ग्रुपवर वचन टाकलं,
मागे उगवता सूर्य, खाली जोडलेले हात.
निळ्या रेघा उमटल्या. बस.
मग एक लांबलचक निरोप लिहिला,
'सहभागिता' तीनदा, 'ओझं' चारदा.
तीमथ्य वाचून म्हणाला, "आई, ही माफी आहे की उपदेश?"
पुसून टाकला.
पाळकांना विचारलं. म्हणाले, प्रार्थना करा.
तीच तर केली होती.

सकाळी सातला नंदानगरला गेले.
ते फाटकात उभे, दोन हातांत दोन बादल्या.
कचरागाडी गल्लीत गात शिरलेली.
"सलाम." "सलाम."
गाणं एवढं मोठं, की 'चुकलं माझं'
दोनदा ओरडून सांगावं लागलं.
वरच्या खिडकीतून कुणीतरी वाकून पाहिलं.
त्यांनी ओला दिला, सुका दिला,
बादल्या उपड्या घातल्या, मग म्हणाले,
"बाई, घरातलं काय बाहेर द्यायचं
ते घरातल्यानं ठरवायचं असतं.
देवाला सांगितलंत, माझी ना नाही.
पण आवाज अकरा जणांच्या मापाचा होता."

एक वचन पाठ करून नेलं होतं.
तोंडाशी आलं, गिळलं.
पायरीवर बसले. विचारलं, "अबनेर कसा आहे?"
एवढंच. हे आधी विचारायचं होतं.

ते बोलत राहिले.
रात्री दोनला वाजणारी कडी.
नाताळात तो देवदूत झाला होता,
ते पुठ्ठ्याचे पंख अजून माळ्यावर आहेत.
मधेच थांबले. वाटलं, लाइन कटली.
कटली नव्हती.
जुनी सवय जिभेवर येऊन बसली:
तीन मिनिटं झाली, वाढवायची का?
मी ओठ दाबून धरले.

आतून चहा आला.
बशी थरथरत होती, हात तरुण होता.
मी वर न बघता कप घेतला, मग वर बघितलं.

गुरुवारी एलिशिबामावशीनं चपला काढता काढता विचारलं,
"गेली होतीस म्हणे. काय म्हणाले?"
म्हटलं, लाइन लागली.