हिरवं लेबल

खोका आला मंगळवारी.
एकशेवीस नळ्या, चव्वेचाळीस गोळे,
प्रत्येक गोळ्याला सगळ्या बाजूंनी भोकं.
झाकणावरच्या चित्रात पोरं हसताहेत
आणि त्यांच्या किल्ल्यात एकही तिरपी नळी नाही.
मी तेव्हाच म्हणालो, हा पडणार.

मॉर्व्हन सात वर्षांची.
तिला चित्रातला किल्ला नकोच होता.
तिला हवं होतं असं खोपटं
की ज्यातून दिसणार नाही.
मी विचारलं, आतून बाहेरचं, की बाहेरून आतलं?
नळीचं टोक चावत तिने विचार केला.
"दोन्ही."

ॲबरडीनला फेब्रुवारीत तसंही काय दिसतं?
समुद्रावरून धुकं चढतं
आणि दगडी भिंती नि आभाळ
एकाच हाताने सारवल्यासारखे होतात.
चौथ्या मजल्यावर आम्ही दोघं.
इशबेल रात्रपाळीची झोप काढतेय,
माझा डावा पाय स्टुलावर,
पायात सहा स्क्रू.

एकोणीस वर्षं परांच्या बांधल्या मी.
चर्चचे कळस, गोदीतल्या जहाजांची पोटं.
लोखंडी नळी हातात आली
की किती भार सोसेल ते मनगट सांगायचं.
आता मनगट रिमोट धरतं.
कुणी विचारलं तर सांगतो, पाय घसरला.
कड्या मीच आवळल्या होत्या त्या सकाळी,
एक सोडून.
हे डॉडला ठाऊक आहे, आणि मला.
डॉड बिस्किटं घेऊन येतो,
हवेबद्दल बोलतो, जातो.

खोपटं दोनदा पडलं.
तिसऱ्यांदा पडलं तेव्हा राहवेना.
"चौकोन लचकतो गं. तिरपी घाल."
तिने घालून पाहिली.
"पुरत नाही."
खरंच, पुरत नव्हती.
सगळ्या नळ्या एकाच मापाच्या;
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर
ज्याने खेळणं बनवलं त्याने मोजलंच नव्हतं.
मी मनात त्याला चार शिव्या घातल्या.
कामावर असतो तर तोंडाने घातल्या असत्या.

मॉर्व्हन बसली जमिनीवर, मांडी घालून,
तीन नळ्या समोर ठेवून.
मग म्हणाली, "चौकोनच नको मग."

त्रिकोणावर त्रिकोण चढला,
सोफ्याच्या पाठीएवढा,
मग दिव्याला टेकेल एवढा.
कुठेच काटकोन नाही, ओळंबा नाही,
उंटासारखं काहीतरी, गुडघे दुमडून बसलेलं.
हलवून पाहिलं. हललं नाही.
इशबेलची जाड रजाई वरून पडली
(ती झोपेत कोटाखाली कुडकुडत होती, हे नंतर कळलं).

आणि मग पोरगी आली माझ्याकडे
ओट्सच्या खोक्याचा एक तुकडा घेऊन,
खडूने हिरवा केलेला.
"तपासल्याशिवाय आत जायचं नसतं,
तूच म्हणतोस जेवताना."
म्हणत होतो. आधी.

कुबडी बाजूला ठेवली.
कोपरांवर सरपटत गेलो,
पाय मागून ओढत, नांगरासारखा.
आत क्रेयॉनचा वास आणि निळसर काळोख.
एकेक गोळा चिमटीत धरून पिळत गेलो.
कुणीच पाहत नव्हतं, तरी घाम आला.
एकोणतीस. तीस. एकतीस.
एकतिसावा फिरला.

"हा सैल आहे," मी म्हणालो.
आवाज का चिरकला कोण जाणे.

"मग आवळ ना."

एवढंच.
मोजे काढत होती ती,
आत मोजे चालत नाहीत म्हणून.

मी आवळला.
मग पुन्हा एकदा पहिल्यापासून.
लेबलावर तारीख घातली, सही केली;
माझं आडनाव तिच्या खडूत मावेना,
अर्धं मागच्या बाजूला लिहिलं.

सात दिवस चालतं लेबल, मग नव्याने तपासायचं.
मॉर्व्हनने कॅलेंडरवर फुली मारली
पुढच्या गुरुवारी,
डॉक्टरांच्या वेळेवरच.
दुपारी इशबेल उठली, हाका मारल्या,
रजाई कुठे आहे, माणसं कुठे आहेत.

आम्ही दिसत नव्हतो.