कुर्र करण्याआधी

धुळ्याच्या कृषी कॉलेजात पारा चारवर,
त्या पहाटे तू आलीस शिरपूरच्या दवाखान्यात.
एक किलो आठशे. कापसात गुंडाळून
पिवळ्या दिव्याखाली ठेवलेली.

आत्या मी, म्हणून नाव माझ्याकडे.
वहिनीनं मोबाइलवर यादी काढलेली:
हिमानी, नीहारिका, तुहिना, प्रालेया.
मी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या किसणीवर.
आणि एकदा तोरणमाळला, दिवस उगवताना,
गवतावर दव गोठून मीठ झालेलं;
हात लावला तर बोट ओलं,
बस्स, एवढंच.

म्हटलं, दहिवर ठेवू.
दगामामा हसले, ‘हाई काय नाव शे माय?
पंचायतवाला दहीवडा लिखी टाकतीन.’

आता घुगऱ्यांचं पातेलं उतरलंय,
पाळणा हलतोय,
बायका माझ्या पाठीशी मुठी वळून उभ्या.
तुझ्या कानाशी वाकते.
पाळीवर जन्मापासूनची लव,
आणि कान गार, अजून गार.

नाव राहतं ओठातच.
आधी नुसतीच फुंकर घालते,
तिची वाफ दिसते मला
तुझ्या टोपडयाच्या काठावर.

तू डोळे उघडतेस.
पाठीत पहिला बुक्का बसतो.