चमच्याच्या पाठीवरून

आधी पेला तापव, फिआक्रा.
उकळतं पाणी भर, दहा मोज, ओतून दे.
काच हाताला जेमतेम सोसवली पाहिजे.

बाहेर शॅननला भरती येतेय.
इथंच उतरायची ती पाण्यावरची विमानं,
बदकांसारखी पोट टेकवून, युद्धाच्या सालांत.
एका रात्री एक अमेरिकेला म्हणून निघालं
आणि वाऱ्यानं अर्ध्या वाटेतून परत धाडलं.
माणसं धक्क्यावर आली ती काकडलेली,
ओल्या कोटांत, कुणी कुणाशी बोलेना.
माझी आई तिथं पेले विसळायची.
ती सांगायची, स्वयंपाकघरातल्या कुणीतरी
कॉफीत व्हिस्की ओतली.
डोकं लढवून नव्हे. कीव येऊन.

साखर! दोन चमचे, तांबूस असते ती.
गोडीसाठी नव्हे रे,
साखरेवाचून साय तरत नाही,
गपकन तळाला जाते.
डॉक्टरनं माझी बंद केली तेव्हापासून
मी हे नुसतं बनवते.

कॉफी कडक. व्हिस्की मापून.
सेनन मॅकइनर्नी म्हणेल, माप कशाला?
त्याला तर मापूनच.

आता साय.
त्या रात्रीची साय कुणाकडची, विचार गावात.
हॅनरहान म्हणतील, आमच्या गाईची.
कॉनहीली म्हणतील, आमच्या.
मी मोजल्यात. अकरा गाई.
एका किटलीभर सायीला अकरा गाई!
आमची ड्रिमिन, पाठीवर पांढरा पट्टा असलेली,
त्या हिवाळ्यात आटली होती.
आईला खोटं बोलता यायचं नाही,
म्हणून त्या गोष्टीत आमचं घर नाही.

बाटलीत घाल, बूच लाव, हलव.
बास. लोणी नाही काढायचंय.
ओघळली पाहिजे, पण कुरकुरत,
शाळेसाठी उठवलेल्या पोरासारखी.
चमचा उलटा धर,
पाठ कॉफीला टेकेल न टेकेल अशी,
आणि ओत.

श्वास घे की रे आता.

बघ, काळ्यावर पांढरं. मधे एक रेघ.
ढवळायचं नाही.
गारव्याखालून ऊन ओढून घ्यायचं,
ओठावर मिशी आली तर येऊ द्यायची.

हे बाटलीचं मला कुणी शिकवलं नाही.
त्या पहाटे आई घरी आली, चार मैल चालत.
ॲप्रनच्या खिशात खोकल्याच्या औषधाची बाटली,
धुतलेली, आत दोन बोटं उरलेली साय.
चालून चालून ती आपसूक दाट झाली होती.
मी सात वर्षांची,
आणि घरात आटलेली गाय.
अजून जिभेवर आहे,
औषधाचा थोडा वास होता तिला.

जा. हा पेला खिडकीपाशी बसलेल्या बाईला दे.
भिजून आलीय.
पैशाचं नंतर बघू.